पंचवीस वर्षांचा करार की पाचगणीजवळची खोली?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर आपल्या लगेच लक्षात येईल. आपण ३८ वर्षांचे आहात, कोथरूडला राहता आणि हिंजवडीत नोकरी करता. आपल्या पत्नी शाळेत शिक्षिका आहेत, मुलगा चौथीत आणि मुलगी सीनिअर केजीत आहे, आणि सत्तरीच्या आसपासचे आई-वडील आपल्याबरोबर राहतात. टाइमशेअरचे, म्हणजे आगाऊ पैसे भरून रिसॉर्टची खोली दर वर्षी ठरावीक रात्री वापरण्याचा हक्क घेण्याचे, दोन प्रस्ताव आपल्यासमोर आहेत. पहिला पंचवीस वर्षांचा आहे: प्रवेशशुल्क ४,८०,००० रुपये, वार्षिक शुल्क १८,००० रुपये, देशभर अनेक रिसॉर्ट, ‘लाल’ मोसम (गर्दीनुसार रंगांत वाटलेल्या मोसमांपैकी एक), दर वर्षी सात रात्री. दुसरा दहा वर्षांचा आहे: प्रवेशशुल्क २,२०,००० रुपये, वार्षिक शुल्क १२,००० रुपये, पाचगणीच्या अलीकडे असलेले एकच रिसॉर्ट आणि मे महिन्यातला एक ठरलेला आठवडा. दोन्हींत खोली चौघांची आहे आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे. गेल्या रविवारी प्रेझेंटेशनला गेला असताना पहिल्या प्रस्तावासाठी आपण २५,००० रुपये टोकन भरून आलात, आणि आता आपल्याला प्रश्न पडला आहे की मुदतीला महत्त्व द्यावे की ठिकाणाला.

मी पुण्यात बावीस वर्षे वकिली करते आहे आणि त्यातले बरेचसे काम ग्राहकांच्या तक्रारींचे आहे. टाइमशेअरचे करार माझ्याकडे दोन वेळा येतात: क्वचित सही करण्याआधी आणि बहुतेक वेळा सही करून काही वर्षे लोटल्यावर. त्यामुळे मी समाधानी सदस्यांपेक्षा त्रासलेले सदस्य अधिक पाहिले आहेत, हे माझे मत वाचताना ध्यानात ठेवावे. काही गोष्टी आपल्या घराच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. आपली नोकरी पुण्यातच राहील का, आई-वडिलांना प्रवास किती झेपतो, आणि तुम्हा सर्वांना एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्यात आनंद वाटतो की कंटाळा येतो, हे आपणच जाणता.

मात्र मुदत आणि ठिकाण या एकाच तराजूत टाकता येतील अशा दोन वस्तू नाहीत. मुदत म्हणजे निव्वळ गुणाकाराचा आकडा आहे. ठिकाण आपल्या घराला साजेसे असेल, तर पंचवीस वर्षे म्हणजे पंचवीस सुट्ट्या होतील. ते साजेसे नसेल, तर पंचवीस वर्षे म्हणजे वार्षिक शुल्काच्या पंचवीस पावत्या होतील. म्हणून ठिकाणाचा विचार आधी करावा, आणि मुदत ठरवताना ‘कंपनी किती वर्षे देते आहे’ यापेक्षा ‘यातली किती वर्षे आम्ही खरोखर जाऊ शकू’ हे विचारावे.

आपण नेमके काय विकत घेत आहात ते एकदा स्वच्छ पाहू. पुण्यात फ्लॅट घेतला की दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातो आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, हातात येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक टाइमशेअरमध्ये असे काही होत नाही, कारण ते वापराच्या हक्काचे करार असतात. ‘सदस्याला मालमत्तेत कोणताही मालकी हक्क प्राप्त होणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य करारात बहुधा असतेच. कायद्याच्या भाषेत हा हक्क भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ मधल्या परवानगीच्या (लायसन्सच्या), म्हणजे दुसऱ्याची जागा वापरण्यापुरत्या मुभेच्या, जवळ जातो. जमीन नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली तर लांब मुदत ही संपत्ती ठरते, आणि प्रेझेंटेशनमध्ये नेमकी हीच भावना जागवली जाते. इथे मात्र हातात जमीन नाही, आणि वार्षिक शुल्क दर वर्षी, गेलात तरी आणि नाही गेलात तरी, भरायचे आहे. त्यामुळे मुदत जितकी लांब तितके आपले बंधनही लांब. स्पेनमध्ये टाइमशेअरचा धंदा फार मोठा आहे. तिथे १९९८ च्या कायद्याने अशा करारांची मुदत किमान ३ आणि कमाल ५० वर्षे ठरवली, आणि कायमस्वरूपी करार रद्दबातल ठरवून घेण्यासाठी सदस्य स्वतः न्यायालयात गेले. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मुदत हे वरदान असते, तर ती तोडून मागायला कोणी न्यायालयाची पायरी चढले नसते.

आता हिशेब करू. जीएसटी धरून पहिल्या प्रस्तावाचे प्रवेशशुल्क ५,६६,४०० रुपये होते आणि दुसऱ्याचे २,५९,६००. वर्षांनी भागल्यास पहिला वर्षाला २२,६५६ रुपयांना पडतो आणि दुसरा २५,९६० रुपयांना. हा भागाकार विक्री प्रतिनिधीने आपल्याला करून दाखवला असेल आणि त्यात काही खोटे नाही. फक्त प्रत्येक वर्ष वापरले जाईल असे त्यात धरलेले आहे. पंचवीसपैकी आपण बाराच वर्षे गेलात, तर तोच आकडा ४७,२०० होतो.

शुल्काचे गणित मात्र प्रेझेंटेशनमध्ये कोणी करून दाखवत नाही. वार्षिक शुल्क सहसा महागाई निर्देशांकाशी जोडलेले असते. ते दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर जीएसटीसह आज २१,२४० रुपये असलेले शुल्क पंचविसाव्या वर्षी सुमारे ८६,००० रुपये होईल, आणि तेव्हा आपण साठी ओलांडलेली असेल. पंचवीस वर्षांच्या शुल्काची बेरीज ११ लाख ६५ हजारांच्या आसपास जाते, म्हणजे ज्या प्रवेशशुल्कावर आपण इतकी घासाघीस करतो त्याच्या दुप्पट. दहा वर्षांच्या प्रस्तावात याच वाढीने शुल्काची बेरीज १ लाख ८७ हजारांपर्यंत थांबते. पुढच्या वर्षांतला रुपया आजच्या रुपयाइतका जड नसतो, हे मान्य आहे. म्हणून मी अशिलांना आणखी एक सोपी कसोटी देते. प्रवेशशुल्काची रक्कम बँकेत ठेवली असती तर वर्षाला किती व्याज आले असते, त्यात वार्षिक शुल्क मिळवायचे आणि सातने भागायचे. सात टक्के व्याज धरल्यास पहिल्या प्रस्तावात एक रात्र पहिल्याच वर्षी सुमारे ८,७०० रुपयांना पडते आणि दुसऱ्यात सुमारे ४,६०० रुपयांना. शिवाय बँकेत मुद्दल शिल्लक राहते, इथे ते मुदतीबरोबर संपून जाते. ज्या आठवड्यात आपल्याला खरोखर जायचे आहे, त्या आठवड्याचा त्याच दर्जाच्या हॉटेलचा दर समोर ठेवून हे आकडे पडताळावेत.

‘यातली किती वर्षे’ या प्रश्नाकडे आता वळू. मुलगा आज चौथीत आहे, म्हणजे सहा वर्षांनी तो दहावीत असेल. दहावीच्या वर्षीची दिवाळीची सुट्टी गेली असे समजावे. परीक्षेनंतरचा मे मात्र मोकळा मिळतो आणि बऱ्याच घरांत तीच सगळ्यात निवांत सुट्टी असते. मग अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षा. नवव्या वर्षी तो महाविद्यालयात असेल, कदाचित पुण्याबाहेर. दहाव्या वर्षी मुलगी दहावीत आणि बाराव्या वर्षी बारावीत असेल. म्हणजे चौघांनी मिळून निश्चिंतपणे सुट्टीवर जाण्याची आपली वर्षे आजपासून पुढची सहा, आणि त्यानंतर मध्ये मध्ये दोन-तीन. आई-वडिलांना बरोबर न्यायचे असेल, तर त्यांच्यासाठीही हीच पहिली सहा-सात वर्षे सर्वांत मोलाची आहेत. बाराव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंतची वर्षे तुम्हा दोघांची आहेत. ती वाया जातील असे मी म्हणत नाही. पण तेव्हा शाळेची सुट्टी, चौघांची खोली आणि मे महिन्याची गर्दी यांची आपल्याला गरजच उरणार नाही, आणि त्यांची किंमत मात्र आपण आज भरून बसलेले असू.

हे मी एका घरात अगदी जवळून पाहिले आहे. कर्वेनगरचे एक निवृत्त बँक कर्मचारी आणि त्यांच्या पत्नी सदस्यत्व रद्द करण्याबाबत विचारायला आले होते. बरोबर एक बॉक्स फाइल होती. वर शुल्काच्या पावत्या वर्षवार टाचलेल्या आणि तळाशी शाळेची असते तशी दोनशे पानी वही. वहीत काकूंनी प्रत्येक सहलीची नोंद ठेवली होती: तारीख, ठिकाण, किती रात्री, कोण कोण आले, जेवणाला किती लागले. अठरा वर्षांत त्यांच्या हक्काच्या १२६ रात्री होत्या आणि वहीत आम्ही तिघांनी मोजल्या त्या ५८ भरल्या. पहिल्या सहा वर्षांची पाने गच्च होती. एका पानावर नातवाने पेन्सिलीने डोंगर काढला होता. नंतर मुलगा परदेशी गेला, काकांच्या गुडघ्यांचे दुखणे सुरू झाले, आणि त्यांच्या आवडत्या रिसॉर्टमधल्या खोल्या उतारावर होत्या, त्यामुळे स्वागतकक्षापासून पायऱ्या उतराव्याच लागत. शेवटच्या पाच वर्षांत वहीत एकही नोंद नाही, फाइलमध्ये मात्र पाच पावत्या आहेत. त्यांना कोणी फसवले असे म्हणता येणार नाही, कारण करारात लिहिले होते तेच त्यांना मिळाले होते. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जी मुदत घेतली, ती घेताना साठीनंतरच्या गुडघ्यांचा विचार कोणी केला नव्हता, एवढेच. त्या दिवसापासून माझ्याकडे सही करण्याआधी येणाऱ्या प्रत्येकाला मी कुटुंबातल्या सगळ्यांची वये पुढच्या दहा, पंधरा आणि पंचवीस वर्षांसाठी कागदावर मांडायला लावते.

आता ठिकाण. ठिकाण म्हटले की आपल्यासमोर दरी, धुके, समुद्र असे चित्र येते. माझ्या कामात मात्र ठिकाणाचा अर्थ असा आहे: आम्हाला सुट्टी असेल त्या तारखेला, आम्हाला झेपेल त्या प्रवासाने, जिथली खोली आम्हाला मिळेल ती जागा. यातली तारीख सुटली, तर उरलेल्याला काही किंमत नाही. म्हणून भिंतीवरचे कालनिर्णय काढून टेबलावर ठेवा आणि ज्या आठवड्यांत आपली रजा, पत्नींची सुट्टी आणि मुलांची शाळा यांचा मेळ बसतो, तेवढ्यांवर खूण करा. आपल्या पत्नी शिक्षिका असल्याने उन्हाळ्याचे पाच-सहा आठवडे, दिवाळीचे दोन आणि फार तर नाताळचा एक, यापलीकडे खुणा जाणार नाहीत. मग कंपनीकडून मोसमांचा तक्ता मागवा. बऱ्याच कंपन्यांमध्ये जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग असतात. जांभळा सर्वांत गर्दीचा आणि सर्वांत महाग, निळा सर्वांत कमी मागणीचा. कोणता आठवडा कोणत्या रंगात पडतो हे प्रत्येक कंपनीत, कधी कधी प्रत्येक रिसॉर्टला, वेगळे असते. आपल्याला लाल मोसम देऊ केला आहे. मे महिना आणि दिवाळी जर जांभळ्यात असतील, तर आपल्या खुणांपैकी बहुतेक आठवडे आपल्या सदस्यत्वाच्या बाहेरच पडतील, आणि मग देशभर कितीही रिसॉर्ट असले तरी आपल्यासाठी ते सुट्टीच्या दिवसांत बंदच असल्यासारखे होतील. माझ्या मते आपल्या निर्णयातला सर्वांत निर्णायक कागद हा तक्ता आहे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, यावरून तो अजून आपल्या हाती दिला गेलेला नसावा.

आठवडा आपल्या रंगात असला, तरी खोली मिळेलच असे नाही, कारण करारात ‘उपलब्धतेच्या अधीन’ हे दोन शब्द असतात. त्यांचे गणित साधे आहे. एका खोलीचे वर्षाला ५२ आठवडे. दुरुस्तीसाठी दोन सोडले तर ५०, म्हणजे एका खोलीमागे जास्तीत जास्त पन्नास सदस्य. या पन्नासांपैकी तीस घरांत शाळेत जाणारी मुले असतील, तर सुट्टीच्या नऊ आठवड्यांसाठी तीस घरे रांगेत उभी असतात. म्हणून कंपनीला एकूण खोल्या आणि एकूण सदस्य किती हे लेखी विचारावे. शिवाय पुण्यापासून गाडीने पोहोचता येईल अशा त्यांच्या रिसॉर्टमध्ये गेल्या मे महिन्यात आणि गेल्या दिवाळीत, आपल्या रंगाच्या सदस्यांनी केलेल्या मागण्यांपैकी किती पूर्ण झाल्या, हेही विचारावे. उत्तर आले नाही, तर तेही उत्तरच समजावे. दुसऱ्या प्रस्तावात आठवडा ठरलेला असल्यामुळे हा प्रश्न जवळजवळ मिटतो, आणि म्हणूनच त्या छोट्या प्रस्तावाचे वजन मला अधिक वाटते. मात्र तो आठवडा करारात तारखांसह लिहिलेला हवा. ‘मे महिन्यात’ एवढे पुरेसे नाही.

प्रवासाबद्दल थोडेसे. पाचगणी पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर आहे: सातारा रस्ता, खंबाटकी, वाई आणि मग पसरणीचा घाट. मेमधल्या शनिवारी या रस्त्याला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, पण ज्येष्ठांना वाटेत थांबत थांबत नेता येते, एखाद्याला बरे वाटेनासे झाले तर त्याच दिवशी घरी परतता येते, आणि गाडी चालवणे नकोसे झाले तरी स्वारगेटहून एसटी आहेच. मनाली किंवा मुन्नारची खोली सदस्यत्वात मिळाली, तरी सहा माणसांचे विमानभाडे सदस्यत्वात येत नाही. रेल्वेने जायचे, तर १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. रिसॉर्टचे बुकिंग मात्र सुट्टीच्या हंगामासाठी कित्येक महिने आधी करावे लागते, म्हणजे खोली पक्की झाली तरी तिकिटाची खात्री पुढे बराच काळ नसते. देशभरातल्या रिसॉर्टची यादी वाचताना पुण्याहून सहा-सात तासांत पोहोचता येईल त्यांच्यावर वेगळी खूण करावी आणि आपले ‘ठिकाण’ तेवढेच आहे असे धरावे. खोली चौघांची आणि आपण सहा जण आहात, ही अडचण दोन्ही प्रस्तावांत आहे. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांवरच्या मुलाला प्रौढ धरतात, हेही विचारून घ्यावे.

आणि आता तो मुद्दा, जिथे मुदत आणि ठिकाण खरोखर एकमेकांत गुंततात. आपल्या कराराची मुदत पाहतो तशी त्या जागेवर कंपनीचा हक्क किती वर्षांचा आहे, हेही पाहायला हवे. रिसॉर्ट कंपनीच्या मालकीचे असू शकते, भाडेपट्ट्याने घेतलेले असू शकते, किंवा दुसऱ्याच्या हॉटेलातल्या काही खोल्या काही वर्षांसाठी घेतलेल्या असू शकतात. भाडेपट्टा नऊ वर्षांत संपणार असेल आणि आपला करार पंचवीस वर्षांचा असेल, तर ज्या जागेकडे पाहून आपण सही करतो ती दहाव्या वर्षी यादीतून जाऊ शकते, आणि ‘रिसॉर्टच्या यादीत बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ या वाक्याखाली आपण आधीच सही केलेली असते. जिच्या यादीवर भरवसा ठेवून लांब मुदत घ्यायची, त्या यादीतल्या आपल्या उपयोगाच्या पाच-सहा जागा मालकीच्या आहेत की भाड्याच्या, आणि भाड्याच्या असतील तर कधीपर्यंत, हे विचारायला संकोच करू नये.

हीच कसोटी दुसऱ्या प्रस्तावाला अधिक कडकपणे लावावी लागेल, कारण तिथे एकच जागा आहे आणि ती गेली तर सगळेच गेले. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला आणि तिथल्या बांधकामांवर निर्बंध आले. त्यामुळे एकीकडे तिथे नवी रिसॉर्ट सहजासहजी उभी राहू शकत नाहीत आणि असलेल्या खोलीची किंमत टिकते. दुसरीकडे परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या बांधकामावर कारवाईची टांगती तलवार असते. गट क्रमांक मागून घ्या, महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहा, आणि बिगरशेती आदेश, बांधकाम परवानगी व कंपनीचा मालकी दस्त किंवा भाडेपट्टा यांच्या प्रती मागा. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा आहे का, तेही वाचा. एवढे कागद दाखवायला जो कचरतो, त्याला दहा वर्षांचे पैसे एकरकमी देऊ नयेत.

लांब मुदतीच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगायला हवे. प्रवेशशुल्क एकदा भरले की ते वाढत नाही, आणि पुढे हॉटेलचे दर महागाईपेक्षा वेगाने वाढले तर जुन्या सदस्याला फायदा होतो. शाळेच्या सुट्टीला न बांधलेले, जानेवारीत किंवा पावसाळ्यात जाऊ शकणारे, दर वर्षी नवे राज्य पाहायची हौस असलेले जोडपे असेल, तर त्यांना मोठ्या जाळ्याचा उपयोग होतो; कमी मागणीच्या मोसमात त्यांना हवी ती खोली मिळते. अशा काही जणांना मी सही करू नका असे सांगितलेले नाही. पण पन्नाशीच्या जोडप्यालाही मी दहा किंवा पंधरा वर्षांपलीकडे जाऊ नका असेच सांगते.

दुसऱ्या प्रस्तावाचे दोषही डोळ्याआड करू नयेत. दहा वर्षे तीच दरी, तोच टेबललँड आणि वेण्णा तलावावरची तीच गर्दी. मुले चौदा-पंधराची झाली की कुरकुर करतील. त्यावर विनिमयाचा उपाय सांगितला जातो. आरसीआय ही यातली जुनी संस्था, १९७४ पासूनची. आपला आठवडा तिथे जमा करायचा आणि दुसरीकडचा घ्यायचा. विनिमय होतो, पण त्याचे सदस्यत्व आणि प्रत्येक व्यवहाराचे शुल्क वेगळे पडते, आणि आपल्या आठवड्याला किती मागणी आहे त्यावर बदल्यात काय मिळेल ते ठरते. मे महिन्यातला आठवडा असल्यामुळे आपली बाजू भक्कम आहे. तोच आठवडा जुलैतला असता, तर भर पावसातल्या त्या डोंगरावरच्या खोलीच्या बदल्यात फारसे काही मिळाले नसते.

माझे मत एवढ्यावर येते. आपल्या घराची एकत्र सुट्टीची वर्षे सहा ते नऊ आहेत आणि आपल्या सुट्टीचे आठवडे शाळेने बांधलेले आहेत. त्यामुळे जवळचे ठिकाण, तारखेसह ठरलेला आठवडा आणि दहा वर्षांची मुदत ही जुळणी आपल्याला बसते, अर्थात वर सांगितलेले जमिनीचे कागद स्वच्छ निघाले तर. ते तसे निघाले नाहीत, तर दोन्ही नाकारून पहिल्या प्रस्तावाचे प्रवेशशुल्क बँकेत ठेवावे आणि व्याजातून दर वर्षी आवडेल तिथे खोली घ्यावी. पहिला प्रस्ताव स्वीकारावा असे मला सध्याच्या माहितीवर वाटत नाही. मे आणि दिवाळी लाल मोसमात आहेत असे तक्त्यात दिसले, तर मी पुन्हा विचार करेन, पण तेव्हाही कमी मुदतीची योजना आहे का ते आधी विचारेन.

राहिला तो टोकनचा प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या ग्राहकाला सही केल्यावर चौदा दिवस कारण न देता माघार घेता येते आणि त्या काळात त्याच्याकडून पैसे घेण्यासही मनाई आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, पण अनेक कंपन्यांच्या करारात दहा दिवसांत माघार घेण्याचे कलम असते. गेल्या रविवारपासून दिवस मोजा. रविवारी सही केलेल्या अर्जाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, ते कलम शोधा आणि मुदत सहीच्या तारखेपासून धरली आहे की पैसे जमा झाल्यापासून, ते वाचा. मग आजच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर अर्ज क्रमांक, टोकनची तारीख, रक्कम आणि ‘मी सदस्यत्वाचा अर्ज मागे घेत आहे, भरलेली संपूर्ण रक्कम परत करावी’ एवढेच लिहून पाठवा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवून पावती जपून ठेवा. फोनवर बोलणे झाले, तर लगेच त्याचा सारांश ईमेलने कळवा. रजेच्या काळात नक्की खोली मिळेल, नको झाले तर कंपनी परत घेईल, अशी तोंडी आश्वासने रविवारी मिळाली असतील, तर तीही त्या ईमेलमध्ये नोंदवा, कारण छापील करारात ‘याव्यतिरिक्त कोणतेही आश्वासन बंधनकारक नाही’ असे वाक्य बहुधा सापडेल.

मागे घेतलेल्या अर्जाचे पैसे मुदतीत परत आले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूने आहे. करारात वाद चेन्नईत किंवा दिल्लीत चालेल असे लिहिले असले, तरी आपण राहता तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात आपल्याला तक्रार करता येते. लवादाचे कलम असले, तरी ग्राहक तक्रारीला त्याने अडसर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून पाहावी. टोकनच्या रकमा माझ्या अनुभवात बऱ्याचदा त्याच टप्प्यावर परत आल्या आहेत. ईमेल पाठवल्यावर त्याची प्रत आणि अर्जाची मागची बाजू एका फाइलमध्ये लावून ठेवा. दुसऱ्या प्रस्तावाचा गट क्रमांक हाती आला की त्याच फाइलमध्ये सातबाऱ्याची प्रत जोडा, आणि ती पाहून झाल्याशिवाय तिकडेही टोकन भरू नका.